पिवळ्या पानांना शेजार हवा

पत्र:

"दिवसभर ऊन येणाऱ्या भिंतीलगत सहा मीटर लांबीचा वाफा आहे, आणि अंगणाच्या कडेला मेपलच्या झाडाखाली एक अर्धगोल. दोन्हीकडे मिळून गेल्या पानगळीत ट्यूलिप, डॅफोडिल, मस्कारी आणि थोडे ॲलियम असे दीडएकशे कंद लावले. वसंतात येणारे-जाणारे थांबून बघत होते. पण तीन-चार आठवड्यांत सगळं आटोपलं आणि उरली ती लोळलेली, पिवळी पडत चाललेली पानं, पार उन्हाळा लागेपर्यंत. सासूबाई म्हणतात कापून टाक. आमचे हे एकेका झुपक्याला गाठ मारून वर रबरबँड लावतात. मला दोन्ही बघवत नाही. म्हणून मधल्या जागेत बहुवर्षायू झाडं लावायची ठरवली आहेत. ट्यूलिपबरोबर एकाच वेळी फुलतील, रंगही जुळतील अशी कोणती? ॲस्टिल्बी मला फार आवडते, ती चालेल का? भिंतीकडे बिअर्डेड आयरिस आधीपासून आहे, तो पानं झाकेल का? आणि खारी कंद उकरतात, त्याचं काय करू?"

उत्तर:

नमस्कार.

घरातला वाद आधी मिटवू या. सासूबाईंचंही ऐकायचं नाही आणि यजमानांचंही नाही. पान हिरवं आहे तोवर कापायचं नाही, त्याला गाठ मारायची नाही, वेणी घालायची नाही, आणि रबरबँड तर नकोच. गाठ मारलेल्या पानाच्या निम्म्या भागावर ऊनच पडत नाही आणि तेवढ्यापुरतं ते पान असून नसल्यासारखं होतं. फूल गळल्यापासून पान आपणहून पिवळं पडेपर्यंत साधारण सहा आठवडे जातात. त्या काळात पान जे अन्न तयार करतं ते खाली कंदात साठतं, आणि पुढच्या वसंताचं फूल त्याच साठ्यावर येतं. कापायचं असेल तर फक्त सुकलेलं फूल कापा, बी धरू देऊ नका. हिरवा देठ राहू द्या, तोही अन्न बनवतो.

ट्यूलिपच्या बाबतीत तर हे जास्तच कडक पाळावं लागतं. डॅफोडिलचा कंद वर्षानुवर्षं टिकतो, जाड होतो, बाजूला पिल्लं काढतो. ट्यूलिपचा कंद मात्र वर्षभराचाच धनी. पानगळीत लावलेला कंद वसंतात फूल देऊन संपतो. त्याच हंगामात त्याच्या पोटी नवे कंद धरतात, आणि ते किती भरतील हे पानांना मिळालेल्या उन्हावर ठरतं. चांगला भरला तर पुढच्या वर्षी फूल. किरकोळ राहिला तर नुसतं एक रुंद पान वर येतं आणि तेवढ्यावर वर्ष जातं. यंदा गाठी मारलेल्या झुपक्यांमधून पुढच्या वसंतात असं एकुलतं पान आलं तर नवल वाटून घेऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. ट्यूलिपबरोबर काय फुलेल, असं तुम्ही विचारलंत. तो प्रश्न मी जरा बाजूला सरकवते, कारण ट्यूलिप फुललेला असताना त्याला सोबतीची फारशी गरज नसते. लोक रस्त्यात थांबतात, हे तुम्हीच लिहिलंय. गरज असते ती त्यानंतरच्या सहा आठवड्यांत. त्यामुळे सोबतीचं झाड त्याच्या फुलाच्या फोटोवरून निवडू नका. ते जमिनीतून कधी वर येतं, किती दिवसांत पसरतं, आणि कंदांची पानं झुकायला लागतात तेव्हा त्याची स्वतःची उंची किती झालेली असते, हे आधी बघा. या दोन वेळा जुळल्या की काम झालं. झाड उशिरा आलं तर वाफा उघडा पडतो. फार लवकर आलं तर आणखी वाईट, कारण कंदाच्या हिरव्या पानांवरच सावली पडते आणि कंदाच्या दृष्टीने ते गाठ मारण्यासारखंच होतं. हा दुसरा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. झाकण्याच्या घाईत ते एखादं दाट, भराभर पसरणारं झाड आणतात आणि दोन वर्षांनी ट्यूलिप का फुलत नाहीत म्हणून कोड्यात पडतात.

डॅफोडिलचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. डॅफोडिलशेजारी डे-लिली लावा. डे-लिलीचे कोंब डॅफोडिल फुलत असतानाच वर येतात आणि दोघांची पानं पट्टीसारखी, जवळपास एकाच घडणीची असतात. डॅफोडिलची पानं लोळायला लागतात तोवर डे-लिलीची पानं गुडघ्यापर्यंत येऊन बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकलेली असतात. पिवळी पानं त्यांच्याखाली जातात आणि मुद्दाम शोधली तरच दिसतात. मग भर उन्हाळ्यात डे-लिली स्वतः फुलते. हिला दर दोन वर्षांनी उकरायलाही लागत नाही, हे तिचं मोठं सुख. त्याविषयी पुढे बोलते. फार काही करायचं नसेल तर एवढी एकच जोडी लावलीत तरी वाफ्याची निम्मी तक्रार मिटेल.

मेपलखालचा अर्धगोल

मेपलची पाने गळतात म्हणून तिथे कंद जगतात. झाडाला पालवी फुटेपर्यंत खाली भरपूर ऊन असतं, आणि स्नोड्रॉप, सिला, क्रोकस, अ‍ॅनिमोनी ब्लांडा आणि लवकर फुलणारे डॅफोडिल त्या उन्हात आपला बराचसा कारभार उरकून घेतात. ट्यूलिपला हे पुरत नाही. ते इथून काढा आणि भिंतीकडे न्या. तसं करायची वेळही सोयीची आहे: पानं पूर्ण वाळल्यावर उकरा, कोरड्या हवेशीर जागी ठेवा आणि पानगळीत पुन्हा लावा.

झाडाखाली काय लावू, असं विचारलं की पहिलं नाव येतं होस्टाचं, आणि नाव बरोबरच आहे. होस्टा उशिरा उठतो. कंद फुलत असताना त्याची नुसती टोकदार गुंडाळलेली नाकं मातीबाहेर आलेली असतात, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ती उलगडून एवढी रुंद पानं होतात की खालची माती दिसत नाही. वेळेच्या हिशेबाने याहून चांगला शेजारी मिळणं कठीण. पण मेपलची मुळं वरच्या थरात जाळीसारखी पसरलेली असतात आणि उन्हाळ्यात तिथलं पाणी तीच पिऊन टाकतात. होस्टाला ओल लागते. पाणी घालायची तयारी असेल तर लावा, आणि लावलात तर बिनशंखाच्या गोगलगाईंवर पहिल्या कोंबापासून नजर ठेवा. कोंब अजून गुंडाळलेला असतानाच त्या खातात, आणि मग ती भोकं पान उलगडल्यावर वर्षभर मिरवावी लागतात.

पाणी घालणं होणार नसेल तर एपिमीडियम घ्या. हे झाड मला होस्टापेक्षा जास्त आवडतं. कोरडी सावली आणि मुळांची गर्दी या दोन्हींत टिकणारी झाडं मोजकी, त्यातलं हे एक. सावकाश पसरतं, त्यामुळे लहान कंदांना गुदमरवत नाही. हिवाळा संपता संपता त्याची गेल्या वर्षीची पानं जमिनीलगत कापून टाका. मग स्नोड्रॉप आणि सिला मोकळ्या जागेत फुलतात, त्यांच्या मागोमाग एपिमीडियमच्या तारेसारख्या देठांवर बारीक फुलं येतात, आणि नवी पानं पसरेपर्यंत कंदांची पानं जायला आलेली असतात. पानं कापायचं राहून गेलं तर मात्र निम्मी फुलं जुन्या पानांखालीच दडतात.

याच जागी जिरेनियम मॅक्रोराइझमही चालतं. कुंडीत लावतात ते लाल फुलांचं जिरेनियम खरं तर पेलार्गोनियम, ते कडक थंडीत मरतं. मी म्हणते ते जमिनीत राहून हिवाळा काढणारं, वासाच्या पानांचं, कोरड्या सावलीत तग धरणारं. मात्र ते दाट चटईसारखं होतं. डॅफोडिल आणि ॲलियमसारखे दणकट कंद त्यातून सहज वर येतात, पण क्रोकस आणि स्नोड्रॉप त्याच्या कडेने लावा. आयव्ही आणि व्हिंका यांच्या बाबतीत तर लहान कंदांचा विचारच करू नका.

ब्रुनेरा लावायची असेल तर झाडाच्या बुंध्यापासून दूर, जरा ओल राहते त्या कडेला लावा. डॅफोडिलच्या उत्तरार्धात तिला फरगेट-मी-नॉटसारखी निळी बारीक फुलं येतात, आणि ती ओसरली की पानं तळहाताएवढी होत जातात. तिचं वेळापत्रक कंदांसाठी आखल्यासारखंच आहे. चंदेरी पानांची 'जॅक फ्रॉस्ट' ही जात सावलीत उठून दिसते. फर्नही बरे. ड्रायॉप्टेरिस जातीचे फर्न जम बसल्यावर बराच कोरडेपणा सोसतात आणि त्यांची गुंडाळलेली पानं अगदी हव्या त्या आठवड्यांत उलगडतात.

एका झाडाबद्दल सावध करते. ब्लीडिंग हार्ट, हृदयाच्या आकाराची गुलाबी फुलं ओळीने लटकतात ते. वसंतात ट्यूलिप-डॅफोडिलशेजारी इतकं देखणं दिसतं की हात आपोआप तिकडे जातो. पण कोरड्या जागेत उन्हाळा तापला की तेही पिवळं पडून जमिनीखाली झोपी जातं. म्हणजे कंदांची पानं झाकायला आणलेलं झाड स्वतःच एक भगदाड पाडून जातं. लावायचंच असेल तर त्याच्या पुढ्यात होस्टा किंवा फर्न हवाच.

भिंतीलगतचा वाफा

इथे पानांइतकाच पाण्याचाही विचार करावा लागतो. ट्यूलिपचे मूळ पूर्वज तिएनशान आणि पामीरच्या आसपासच्या मध्य आशियाई डोंगरउतारांवरचे. तिथे हिवाळा कडक, वसंतात ओल आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. पानं वाळल्यावर कंद जमिनीखाली झोपलेला दिसतो, पण पुढच्या वर्षीची फुलाची कळी त्याच्या आत याच उन्हाळ्यात धरत असते. त्याला या काळात माती उबदार आणि कोरडी लागते. तेव्हा रोज पाणी मागणारा शेजारी ट्यूलिपजवळ नको, मग तो कितीही सुंदर असो.

म्हणून ॲस्टिल्बी नको. तिची फुलं मलाही आवडतात, पण तिला माती सतत ओली लागते. पाणी कमी पडलं तर तिच्या पानांच्या कडा करपतात, आणि तिच्या मर्जीप्रमाणे पाणी घातलं तर ट्यूलिप कुजतात. ॲस्टिल्बीची हौस भागवायची असेल तर बागेतला ओलसर कोपरा शोधा आणि तिथे तिच्यासोबत ओल सोसणारे कंद लावा: कामासिया, समर स्नोफ्लेक, चौकटीच्या नक्षीची फुलं येणारी फ्रिटिलारिया मेलिआग्रिस. ती वेगळी बाग होईल, आणि चांगली होईल.

बिअर्डेड आयरिसचं उत्तरही नाहीच. पाण्याच्या बाबतीत त्याचं ट्यूलिपशी छान जमतं, दोघांनाही कोरडा उन्हाळा चालतो. पण आयरिसचे गड्डे मातीच्या पृष्ठभागावर उघडे राहून उन्हात तापायला हवेत. त्यांच्यावर ट्यूलिपची वाळकी पानं पडून राहिली तर गड्डे कुजायला लागतात. पुन्हा त्याची पानं तलवारीसारखी ताठ उभी, ती झाकणार काय? आहे तिथे राहू द्या, त्याच्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा.

मग लावायचं काय? भिंतीकडच्या वाफ्यासाठी माझी पहिली पसंती नेपेटाला, म्हणजे कॅटमिंटला. उशिराचे ट्यूलिप फुलतात तेव्हा तिची राखाडी-हिरवी पानं ट्यूलिपच्या अर्ध्या उंचीपर्यंत आलेली असतात. ती देठांचे पाय झाकतात, पण पानांवरचं ऊन अडवत नाहीत. ट्यूलिप ओसरले की ती स्वतः जांभळट निळ्या फुलांनी भरते आणि भाराने बाहेर लवंडते, नेमकी पिवळ्या पानांवर. पहिला बहर ओसरल्यावर अर्ध्यावर कापली की पुन्हा फुटते आणि फुलते. एकदा जम बसला की पाण्यावाचून अडत नाही. 'वॉकर्स लो' ही जात नावाप्रमाणे बुटकी नाही, चांगली मांडीपर्यंत येते आणि तेवढीच रुंद होते, त्यामुळे रोपं जवळजवळ लावू नका. घरात किंवा शेजारी मांजर असेल तर कोवळ्या रोपावर दोन-चार काटक्या आडव्या रोवा. मांजरं त्यात अक्षरशः लोळण घेतात आणि नवं रोप सपाट करून टाकतात.

नेपेटाच्या जोडीला सीडम, मांसल पानांचं आणि उन्हाळा सरताना फुलणारं. ट्यूलिपच्या दिवसांत त्याचे निळसर हिरवे गुच्छ जमिनीलगत असतात आणि त्या वेळी ते फुलांइतकेच देखणे दिसतात. उंची हळूहळू वाढते, त्यामुळे सावली वेळेआधी पडत नाही. वाफ्याच्या अगदी पुढच्या कडेला स्टॅकिस, मऊ लोकरी पानांचं, त्यातून मस्कारी डोकावू द्यावेत. मस्कारीबद्दल एक सांगून ठेवते: त्याची पानं पानगळीतच उगवतात आणि हिवाळाभर विस्कटलेली दिसतात. कंद बिघडलेला नाही, त्याचा स्वभावच तो.

मागच्या बाजूला, भिंतीला टेकून, शोभेची गवतं घ्या. पॅनिकम किंवा पेनिसेटम ही उबदार हवेत वाढणारी गवतं आहेत. माती तापल्याशिवाय हलत नाहीत. हिवाळ्याच्या शेवटी ती बोटभर खुंट ठेवून कापायची. मग सगळा वसंत ती जागा कंदांची, आणि कंद आटोपले की गवत उसळून वर येतं. गवतं आणि उशिरा वाढणारी बहुवर्षायू यांच्यामध्ये कंद विखरून लावायची ही पद्धत मोठ्या बागांमध्येही रुळली आहे. शिकागोच्या लुरी गार्डनमध्ये, जी २००४ मध्ये खुली झाली, पीट आउडॉल्फ यांच्या बहुवर्षायूंच्या आखणीत कंदांची योजना जॅकलिन व्हॅन डर क्लोएट यांनी केली आहे. तिथल्या वसंतातली छायाचित्रं मिळाली तर जरूर बघा. फुलांपेक्षा त्यांच्या मधून वर येणारी हिरवळ बघा, शिकण्यासारखं तिथे आहे.

ॲलियम हे या वाफ्यातलं वेगळंच प्रकरण. बाकीच्या कंदांची पानं फुलानंतर पिवळी पडतात, ॲलियमची मात्र फूल उमलायच्या आतच टोकांकडून करपायला लागतात. वर जांभळा गोल झुलतोय आणि पायाशी चिंध्या, असं दृश्य. पण त्याची फुलं उशिरा, ट्यूलिप संपताना येतात आणि देठ लांब असतो, त्यामुळे तोवर गुडघाभर झालेल्या कुठल्याही झाडातून तो आरामात वर डोकं काढतो. नेपेटातून काढू द्या, जिरेनियममधून काढू द्या, किंवा अल्केमिलामधून, जिच्या पानांवर पावसाचे थेंब पाऱ्यासारखे थांबतात. ॲलियमला झाकणाऱ्या झाडावर पैसे खर्च करणं कधीच वाया जात नाही.

आणि ट्यूलिप कोणते, हेही याच हिशेबात येतं. तुम्ही मोठमोठ्या बागांचे गालिचे बघून मन खट्टू करून घेऊ नका. नेदरलँड्समधल्या क्युकेनहॉफमध्ये दर पानगळीत सुमारे ७० लाख कंद नव्याने लावतात आणि हंगाम संपला की काढून टाकतात. पिवळ्या पानांचा प्रश्न तिथे येतच नाही. बहुवर्षायूंमध्ये वर्षानुवर्षं राहायचे असतील तर डार्विन हायब्रिड जातीचे ट्यूलिप त्यातल्या त्यात टिकाऊ. त्याहून टिकाऊ रानट्यूलिप: टार्डा, तुर्कस्तानिका, क्लुसियाना. फुलं लहान, पण पानंही लहान, म्हणजे झाकायची कटकटच कमी. झालरीचे आणि 'पॅरट' जातीचे ट्यूलिप एका वर्षाचे पाहुणे समजा आणि कुंडीत लावा.

रंगाचं

रंगाचं विचारलंत, तेही सांगते, पण त्यावर फार विसंबू नका. दोन झाडं एकाच आठवड्यात फुलणं हवामानावर अवलंबून असतं. एक उबदार आठवडा आला की ट्यूलिप पुढे पळतात आणि त्यांच्या जोडीला ठरवलेलं झाड मागे राहतं. पानांचा रंग मात्र दगा देत नाही. नारिंगी ट्यूलिपशेजारी गडद जांभळ्या पानांचा ह्यूकेरा लावलात तर ट्यूलिप चार दिवस लवकर आला काय अन् उशिरा आला काय, जोडी जमतेच. पांढऱ्या डॅफोडिलमागे पिओनीचे तांबूस-लाल कोंब वर येत असतात, ते फुलांहून सुंदर दिसतात असं मला वाटतं. पिओनीपासून कंद हातभर लांब मात्र ठेवा, तिच्या मुळांना धक्का खपत नाही. फुलाला फूलच हवं असेल तर युफोर्बिया पॉलिक्रोमा घ्या. तिचा लिंबासारखा पिवळा रंग ट्यूलिपच्या जवळजवळ प्रत्येक रंगाशेजारी खपतो आणि आठवडेच्या आठवडे टिकतो. तिचा चीक त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो, कापताना हातमोजे घाला.

लावायचं कसं

आधी बहुवर्षायू, मग कंद. दोन्ही एकाच पानगळीत लावलंत तर उत्तम, कारण तेव्हा झाडांचा घेर डोळ्यांसमोर असतो. कुंडीतलं रोप आज मुठीएवढं दिसतं, ते तीन वर्षांनी केवढं होणार ते बघून जागा सोडा आणि कंद त्या जागेत लावा, रोपाच्या बुडाशी नव्हे. बुडापासून वीतभर अंतर हवं. एका नेपेटाभोवती सात-नऊ ट्यूलिप, एका डे-लिलीभोवती पाच-सात डॅफोडिल असे वेडेवाकडे झुपके करा. कवायतीसारख्या रांगा लावल्यात तर पिवळी पानंही रांगेतच दिसतील. कंद आपल्या उंचीच्या तिप्पट खोल जायला हवा. ट्यूलिपसाठी १५ ते २० सेंटीमीटर, त्यातही २० कडे झुकलेलं बरं. खोल लावलेला कंद खुरप्याच्या आणि खारीच्या टप्प्याबाहेर राहतो आणि वरच्या थरात बहुवर्षायूंच्या मुळांना मोकळीक मिळते. चिकणमाती असेल तर थोडं वर लावा, निचरा महत्त्वाचा. डॅफोडिल पानगळीच्या सुरुवातीला लावा, ट्यूलिप अगदी शेवटी, माती चांगली गार झाल्यावर. उशिरा लावल्याने ट्यूलिपच्या पानांवर येणाऱ्या बुरशीचा धोका कमी होतो.

आता ती विभागणीची गोष्ट. काही बहुवर्षायू दर दोन-तीन वर्षांनी उकरून, तुकडे करून पुन्हा लावावी लागतात, नाहीतर मधोमध मरतात. बरेच ॲस्टर असे. त्यांच्या भोवती कंद असतील तर प्रत्येक खेपेला फावडं कंदांतून जाणार. म्हणून कंदांच्या वाफ्यात वर्षानुवर्षं एका जागी बसून राहणारी झाडं निवडा: पिओनी, होस्टा, डे-लिली, एपिमीडियम, जिरेनियम. खरेदी करताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून तुम्ही विचारा.

आणि खुणा करा. भर उन्हाळ्यात मोकळी माती दिसली की नवं रोप लावायला हात शिवशिवतो आणि खुरपं सरळ ट्यूलिपच्या कंदात जातं. पानं पिवळी पडत असतानाच प्रत्येक झुपक्याशेजारी एक काडी रोवा, किंवा वाफ्याचा वरून फोटो काढून ठेवा.

खारी राहिल्या. डॅफोडिल त्या खात नाहीत, त्याच्या कंदात लायकोरीन नावाचं विष असतं. तुमच्या कुत्र्या-मांजरांनाही ते बाधतं, त्यामुळे उरलेले कंद उघड्यावर ठेवू नका. ॲलियमच्या उग्र वासामुळे खारी बहुधा त्याच्याही वाटेला जात नाहीत. त्यांचा डोळा ट्यूलिप आणि क्रोकसवर असतो, तोही मुख्यतः लावल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, माती भुसभुशीत असते तेव्हा. कंद लावून माती घट्ट दाबा, कंदाची गळलेली सालं वाफ्यावर राहू देऊ नका, त्यांच्या वासाने खारींना पत्ता लागतो. वरून कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा अंथरून कडा दगडांनी दाबा. कोंब दिसू लागले की जाळी उचलायला विसरू नका, नाहीतर पानं तिच्यात अडकतात आणि काढताना तुटतात.